माझे-तुझे, जर्मन भाषेतले

जर्मन भाषेत 'माझा' या अर्थी 'माइन' हा शब्द आहे, आणि तो एकाच वेळी दोघांकडे पाहतो. त्याचे मूळ वस्तू कोणाची ते सांगते. शेवटचा प्रत्यय ती वस्तू कोणत्या लिंगाची, एक की अनेक आणि वाक्यात कोणत्या विभक्तीत आहे ते सांगतो. 'माइन ब्रूडर' म्हणजे माझा भाऊ, 'माइने श्वेस्टर' म्हणजे माझी बहीण, 'माइन बूख' म्हणजे माझे पुस्तक. बोलणारा तोच, म्हणून मूळ तेच. नात्यातले दुसरे टोक बदलले की शब्दाचा शेवट बदलतो.

मराठी वाचकाला ही रचना परकी नाही. इंग्रजीत भाऊ असो की बहीण, 'माय' हलत नाही. फ्रेंचमध्ये वस्तूच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलतो, पण वस्तू त्याची की तिची हे त्यावरून कळत नाही. मराठीत 'त्याची आई' किंवा 'तिचा भाऊ' म्हणताना दोन्ही निवाडे एका दमात होतात: 'त्या' आणि 'ति' मालकाकडे बोट दाखवतात, 'ची' आणि 'चा' मालकीच्या माणसाकडे. जर्मनमध्येही नेमके हेच घडते. 'झाइने मुटर' म्हणजे त्याची आई, 'ईर ब्रूडर' म्हणजे तिचा भाऊ. दोन्ही भाषांना तीन लिंगे आहेत, हाही योग चांगला. मात्र ती वाटली गेली आहेत वेगवेगळी. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघतात. पण किल्ली जर्मनमध्ये पुल्लिंगी, हात स्त्रीलिंगी आणि डोळा नपुंसकलिंगी होतो. त्यामुळे 'माझा हात' म्हणायची सवय झालेल्याला 'माइने हांड' म्हणताना मनातल्या मनात थोडे थांबावे लागते.

मुळे मोजकी आहेत. माझा तो माइन, तुझा तो डाइन, त्याचा तो झाइन, तिचा तो ईर. अनेकवचनात आमचा तो उन्झर, तुम्हा सगळ्यांचा तो ऑयर, त्यांचा तो पुन्हा ईर. आदरार्थी 'आपला' तोही ईर, फक्त त्याचे पहिले अक्षर मोठे. प्रत्यय लागल्यावर शेवटी येणारा 'ए' देवनागरीत पूर्ण लिहिला, तरी जर्मन तोंडात तो मिटत जाणारा, 'माझं'मधल्या शेवटच्या लांबट अ-काराच्या जवळचा असतो. मराठी जसे 'माझे' लिहून 'माझं' बोलते, तसाच हा प्रकार आहे. 'ऑयर'ला प्रत्यय लागला की त्याच्या पोटातला एक स्वर लेखनातूनही गळतो आणि 'ऑयरे' उरतो. 'उन्झर'मधला तसाच स्वर गाळायची मुभा आहे, सक्ती नाही.

सगळ्यात जास्त दमवतो तो 'ईर'. तिचा, त्यांचा आणि आपला हे तिन्ही अर्थ त्याच्याकडे आहेत, शिवाय 'तुम्ही' आणि 'तिला' या सर्वनामांचाही उच्चार तोच. मार्क ट्वेनने 1880 साली जर्मन भाषेवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात 'झी' या सर्वनामाविषयी अशीच तक्रार केली होती, की एका शब्दाला सहा शब्दांचे काम करावे लागते. लिहिताना मोठे अक्षर मदतीला येते, पण बोलताना मोठे अक्षर ऐकू येत नाही. बागेत कुणी 'इस्ट डास ईर हुंड?' असे विचारले, तर कुत्रा आपला का असे विचारले, की पलीकडच्या बाईंचा का, की त्या बाकावर बसलेल्या जोडप्याचा, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही. विचारणाऱ्याची नजर कुठे आहे ते पाहावे लागते. भाषा इथे स्वतः थोडी मागे सरून माणसांवर विसंबते, आणि जर्मनसारख्या काटेकोर म्हणून नावाजलेल्या भाषेत हे घडते याचे विशेष वाटते.

प्रत्ययांचा भाग लांबलचक दिसतो, पण त्याला एक आतली शिस्त आहे. 'एक' या अर्थाचा 'आइन' आणि 'एकही नाही' या अर्थाचा 'काइन' ज्या वाटेने चालतात, त्याच वाटेने सगळी स्वामित्वदर्शक विशेषणे चालतात. प्रथमेत पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांपुढे प्रत्ययच नसतो: माइन ब्रूडर, माइन बूख. स्त्रीलिंगी एकवचन आणि सर्व लिंगांची अनेकवचने 'माइने' घेतात. कर्म झाल्यावर फक्त पुल्लिंग हलते: भावाला पाहिले तर 'माइनेन ब्रूडर', बहिणीला पाहिले तर 'माइने श्वेस्टर', जशीच्या तशी. 'मिट' म्हणजे 'सोबत', आणि हे अव्यय चतुर्थी मागते. म्हणून भावासोबत 'मिट माइनेम ब्रूडर', बहिणीसोबत 'मिट माइनेर श्वेस्टर'. षष्ठीत भावाचे घर 'डास हाउस माइनेस ब्रूडर्स' होते.

या ठिकाणी दोन भाषांच्या घडणीतला एक मोठा फरक उघड होतो. मराठीत विभक्तीचा भार नाम उचलते. भावाला, भावाशी, भावाने, भावाकडे. नामाचे सामान्यरूप होते, त्याला प्रत्यय लागतो, आणि त्याच्या आधीचे विशेषण एकदाच वाकून 'माझ्या' होते. माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या घराला: तिथे लिंगभेदही पुसला जातो. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा जागचे हलत नाही. ब्रूडर कर्ता असो, कर्म असो की 'सोबत'चा धनी असो, तो ब्रूडरच राहतो. वाक्यात तो कोण आहे हे त्याच्या पुढे उभा असलेला छोटा शब्द सांगतो. म्हणून जर्मनमध्ये 'माइनेन'ऐवजी 'माइनेम' म्हटले तर ती केवळ शुद्धलेखनाची चूक राहत नाही. कोणी कोणाला काय केले तेच डळमळते. मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी शाळेत संस्कृतची विभक्तिरूपे घोकली आहेत, त्यांना निदान तक्त्याची भीती नसते. पण तक्ता पाठ होणे आणि बोलण्याच्या ओघात योग्य शेपूट आपोआप येणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर फक्त बोलून कापले जाते.

तिसऱ्या पुरुषात मालकाचे लिंग पाहावे लागते, आणि तिथे व्याकरण आणि माणूस कधी कधी वेगळ्या वाटांना लागतात. 'मेडशेन' म्हणजे मुलगी. शब्दाच्या शेवटी लघुत्वदर्शक 'शेन' असल्यामुळे तो नपुंसकलिंगी. नियमाने 'मुलगी आणि तिची आई' म्हणताना 'झाइने मुटर' हवे, म्हणजे अक्षरशः 'त्याची आई'. वाक्य आखूड असेल तर लिहिणारे हा नियम पाळतात. पण वाक्य लांबले, मधे दोन-तीन उपवाक्ये गेली, ती मुलगी शाळेत गेली, पावसात भिजली, घरी परतली, की लेखणी नकळत 'ईरे मुटर'कडे वळते, आणि व्याकरणकारांनीही ते मान्य केले आहे. कोकणीत 'चेडूं' नपुंसकलिंगी असते आणि तरुण मुलीला 'तें' म्हटले जाते, त्यामुळे गोव्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. मराठीतले 'मूल' आणि 'पोर' हेही त्याच अंगणातले शब्द.

'झाइन' या शब्दात आणखी एक अडचण आहे. एखाद्या वाक्यात दोन पुरुष आले आणि मग 'झाइने फ्राउ' म्हटले, तर ही कोणाची बायको? मराठीत 'आपला' हा शब्द या गुंत्यातून सहज बाहेर काढतो. 'रामने श्यामला आपल्या घरी नेले' आणि 'रामने श्यामला त्याच्या घरी नेले' या दोन वाक्यांत घरे वेगळी आहेत, आणि ऐकणाऱ्याला ती बहुधा लगेच वेगळी कळतात. जर्मनमध्ये 'झाइन' दोन्ही घरांना लागतो. इतिहास पाहिला तर ही गोष्ट चुटपुट लावणारी आहे, कारण 'झाइन'चे मूळ स्वतःवाचक सर्वनामातलेच. 'आपला' होण्याची शक्यता त्याच्यात होती, पण पुढे तो साधा 'त्याचा' झाला. 'ईर'ची गोष्ट उलटी. तो मुळात 'तिचे' आणि 'त्यांचे' या अर्थाचे न बदलणारे षष्ठीचे रूप होता. मध्ययुगात त्याला बाकीच्या भावंडांसारखे प्रत्यय लागू लागले. आज गोंधळ टाळायचा असेल तर लिहिणारे 'डेसेन' आणि 'डेरेन' हे शब्द वापरतात, जे जवळच्या, नुकत्याच उल्लेखलेल्या माणसाकडेच बोट दाखवतात, किंवा 'स्वतःचा' या अर्थाचा 'आइगेन' जोडतात. सोय होते, पण 'आपला'ची सहजता त्यात नाही. 'उन्झर'मध्येही अशीच एक उणीव मराठी कानाला जाणवते. ऐकणाऱ्याला धरून 'आपले घर' आणि त्याला वगळून 'आमचे घर' हा भेद जर्मन करत नाही. पाहुण्याला 'उन्झर हाउस' दाखवताना तो आत धरला गेला की बाहेर राहिला, हे शब्द सांगत नाही.

या शब्दांना जर्मन शाळांतून एक लांबलचक नाव आहे, 'बेझित्सआन्त्साइगेंडेस फ्यूरवोर्ट', म्हणजे ताबा दाखवणारे सर्वनाम. यातला 'बेझित्स' हा शब्द लक्ष देण्याजोगा आहे. 1 जानेवारी 1900 पासून लागू असलेली जर्मन दिवाणी संहिता 'बेझित्स' आणि 'आइगेन्टूम' यांत स्पष्ट भेद करते. पहिला प्रत्यक्ष ताबा, दुसरी मालकी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याकडे ताबा असतो, मालकी दुसऱ्याची असते. जर्मनीत भाड्याने राहणे अगदी रुळलेले आहे आणि भाडेकरू कसलाही संकोच न करता 'माइने वोनुंग', माझे घर, असेच म्हणतो. व्याकरणाने नाव निवडताना मालकी न निवडता ताबा निवडला, हे ठीकच झाले; पण तोही शब्द अपुरा आहे. माझी गाडी सुटली, माझे शिक्षक, माझा पाऊस, माझा मृत्यू. यांतल्या कशाचाही ताबा कोणाकडे नसतो. मालकीवर बोलणाऱ्या मजकुरातही हे दिसते. 1949 च्या जर्मन राज्यघटनेचे चौदावे कलम सांगते की मालकी जबाबदारी आणते आणि तिचा वापर सर्वांच्या हिताचाही असला पाहिजे. तिथे 'तिचा' या जागी 'झाइन' आहे, आणि त्याचा धनी कोणी माणूस नसून 'आइगेन्टूम' हा नपुंसकलिंगी शब्द आहे. मालकी स्वतःच क्षणभर मालक होते.

नाम गाळले की विशेषणाचे सर्वनाम होते. ही किल्ली कोणाची? माझी. मराठीत रूप तेच राहते. जर्मनमध्ये मात्र 'माइन श्ल्युसेल' म्हणजे माझी किल्ली, पण नुसते 'माझी' म्हणायचे तर 'माइनेर'. तसेच 'माइन बूख', पण नुसते 'माझे' म्हणजे 'माइन्स'. ज्या दोन जागी प्रत्यय नव्हता, नेमक्या तिथेच तो उगवतो. कारण नाम सोबत असते तोवर त्याचे लिंग विशेषणाने नाही सांगितले तरी चालते. नाम निघून गेल्यावर त्याची खूण कुणीतरी सांभाळावी लागते, आणि ते काम मागे राहिलेल्या शब्दावर येते. संपूर्ण प्रकरणात इतका सुंदर नियम दुसरा नाही. तक्ता म्हणून तो पाठ केला जातो, पण गेलेल्याची ओळख उरलेल्याने धरून ठेवायची, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

एक जुने रूप मात्र या नियमातून मोकळे राहिले. 'आहे'च्या पुढे, विधेयात, पूर्वी 'माइन' कोणत्याही प्रत्ययाविना येई. बाव्हेरियातल्या टेगेर्नझे मठाच्या बाराव्या शतकातल्या हस्तलिखितात एका लॅटिन प्रेमपत्राच्या शेवटी काही जर्मन ओळी आहेत. लिहिणारी व्यक्ती अज्ञात आहे. पत्र एका स्त्रीच्या तोंडचे आहे. तू माझा, मी तुझी, तू माझ्या हृदयात कोंडलेला आणि किल्ली हरवलेली, असा त्यांचा आशय. जर्मन प्रेमकवितेच्या आरंभी या ओळी ठेवल्या जातात, आणि त्यांचा सगळा तोल 'माइन' आणि 'डाइन' यांच्या जुन्या, प्रत्यय नसलेल्या रूपांवर आहे. प्रत्यय नाही म्हणून लिंग नाही, लिंग नाही म्हणून कोण कोणाला म्हणते आहे याचे बंधन नाही. आज तेच बोलायचे तर बहुतेक लोक 'डास गेहोर्ट मिर' म्हणतील, ते माझ्या मालकीचे आहे. पण ते पेनविषयी म्हणता येते, माणसाविषयी नाही.

आणखी पुढे गेले की हे सर्वनाम स्वतः नाम बनते आणि मोठ्या अक्षराने लिहिले जाते. 'डी माइनेन' म्हणजे माझी माणसे. तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने 1927 च्या 'झाइन उंड त्साइट' या ग्रंथात 'माइन'पासून 'येमाइनिष्काइट' हा शब्द घडवला: अस्तित्व हे दर वेळी कुणाचे तरी 'माझे'च असते, सर्वसाधारण असे नसते, ही त्यामागची कल्पना. ग्रंथाच्या नावातला 'झाइन' मात्र 'त्याचा' नव्हे, 'असणे' आहे. दोन शब्दांची कुळे वेगळी, उच्चार एक.

अशाच एका नामाचा इतिहास जड आहे. 'येडेम डास झाइने', ज्याचे त्याला, हे जुन्या रोमन न्यायतत्त्वाचे जर्मन रूप. प्रशियाच्या राजाने 1701 साली स्थापन केलेल्या काळ्या गरुडाच्या सन्मानचिन्हावर त्याचे लॅटिन रूप कोरलेले असे. संगीतकार बाखने वायमारमध्ये असताना 1715 साली याच शब्दांवरून नाव घेतलेली एक धार्मिक गीतरचना केली. त्याच वायमारजवळच्या एटर्सबेर्ग टेकडीवर नाझींनी 1937 साली बुखेनवाल्ड छळछावणी उभारली आणि तिच्या लोखंडी फाटकावर हेच शब्द बसवले. अक्षरे आतल्या बाजूने वाचता येतील अशी लावली होती. हजेरीच्या मैदानात उभ्या असलेल्या कैद्यांनी ती वाचावीत हा हेतू. ती अक्षरे रेखाटण्याचे काम बाउहाउस या कलाशाळेचा माजी विद्यार्थी आणि छावणीतला कैदी फ्रान्झ एर्लिश याच्याकडे आले, आणि नाझींना नकोशी असलेल्या बाउहाउसची घडण त्याने त्या अक्षरांत उतरवली. आज जर्मनीत हा शब्दसमूह कुणी जाहिरातीत वापरला की निषेध होतो. 'झाइने' हा तिथे नपुंसकलिंगी, एकवचनी, 'त्याचे जे काही असेल ते' इतका मोकळा शब्द आहे. त्या मोकळेपणात न्यायही मावतो आणि क्रौर्यही मावले.

जिथे मालकी उघडच असते तिथे जर्मन हे शब्द वापरायचे टाळते. हात धुताना 'माझे हात' न म्हणता 'मी मला हात धुतो' अशा घडणीचे वाक्य होते: 'इख वाशे मिर डी हेंडे'. डोके दुखले तर 'मिर टूट डेअर कोप्फ वे', मला डोके दुखते. मराठीत 'मी हात धुतले' एवढे पुरते. शरीर ही मिळकत नसून अनुभवाची जागा आहे, असे मानणारी ही चतुर्थी आहे. घराघरातल्या बोलीत हीच चतुर्थी 'झाइन'शी हातमिळवणी करते आणि 'डेम फाटर झाइन हाउस', 'बापाला त्याचे घर', असा प्रयोग होतो. शाळा तो चूक ठरवतात, पण अनेक बोलीभाषांत तो जुना आणि भक्कम आहे. बास्टियान झिक याने 2004 साली भाषेच्या चुकांवर काढलेल्या खूप खपाच्या पुस्तकाला याच घडणीचे नाव दिले: षष्ठीचा मृत्यू चतुर्थीच्या हातून होतो, असे त्याचे म्हणणे. विशेषनामांना मात्र षष्ठीचा 'स' अजून सुखाने लागतो. त्या 'स'च्या आधी इंग्रजी धाटणीचे अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह देणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षे टीका झाली. 2024 च्या अधिकृत नियमांनी दुकानांच्या नावांपुरते ते स्पष्टपणे चालवून घेतले आहे.

उरतो पत्राचा शेवट. जर्मन पत्र 'डाइन पेटर' किंवा 'डाइने आना' असे संपते, मराठीतल्या 'तुझा' आणि 'तुझी'सारखे. ही सर्व प्रकरणातली सर्वांत उलटी जागा, कारण इथे लिहिणारा स्वतःला दुसऱ्याच्या ताब्यात देतो: मूळ वाचणाऱ्याचे, प्रत्यय लिहिणाऱ्याचा. 1996 च्या लेखनसुधारणेने पत्रातल्या 'डाइन'चे मोठे अक्षर काढून घेतले, पुष्कळांना ते रुखरुख लावून गेले, आणि 2006 साली ते पुन्हा चालेल असे ठरले. औपचारिक 'ईर'चे मोठे अक्षर कधीच गेले नाही. दोघांनी मिळून लिहिले तर विशेषण दोनदा येऊ शकते, प्रत्येकाच्या लिंगाप्रमाणे. डिसेंबर 2018 पासून जर्मन कायद्यात स्त्री आणि पुरुष यांखेरीज 'डिव्हेर्स' ही तिसरी नोंद करता येते. अशा व्यक्तीविषयी लिहिताना 'झाइन' की 'ईर' हे ठरत नाही, म्हणून काही जण नावच पुन्हा लिहितात आणि काही नवी सर्वनामे सुचवतात. आणि त्या व्यक्तीने स्वतः पत्र लिहिले, तर सहीच्या आधी 'डाइन' की 'डाइने' यावे, याला व्याकरणाने अजून एकमताचे उत्तर दिलेले नाही.